मागची सीट

व्यायामोपचाराच्या खोलीबाहेर गुडघा चोळत बसलेल्या मास्तरांच्या कानावर शेजारच्या जोडप्याचं बोलणं पडत होतं. मोटरसायकल घसरून नवऱ्याचे दोन्ही पाय मोडले होते, आत सळया बसवल्या होत्या.

"डॉक्टर म्हणाले, आता वॉकर सोडा."

"त्यांचं काय जातंय? पाय माझे आहेत."

"घाबरताय तुम्ही."

"मी कुणाच्या बापाला घाबरत नाही! रिक्षा बोलाव."

"रिक्षा कशाला? गाडी आणलीये."

"कुणाची?"

"आपलीच मोटरसायकल. दुरुस्त करून घेतली."

"चालवली कुणी?"

"मी. तुम्ही अंथरुणात होतात, तेव्हा शिकले. मागे बसायचं, घट्ट धरायचं."

"ब्रेक लागतो ना नीट?"

"लागतो की. कधीकधी मीच विसरते."

नवऱ्याने वॉकर भिंतीला टेकवला आणि तो उठला. मास्तरांनी पाय आवरून वाट दिली.

"अहो, कुठे निघालात?"

"घरी. चालत!"