अर्धी पट्टी

नाई जी मॅडम, माह्याकडून चूक कायची होईन? तुम्ही सांगतलं तसंच केलं मी. बारा जखमाइचे मानसं, बारा डबे, चिठ्ठ्या काढून देल्लेले नंबर. रोज जखम धुवाची, ज्याच्या त्याच्या डब्यातली पट्टी लावाची, वहीत लिवाचं. सा डब्यात कोशाच्या रेशमाची पट्टी, सा डब्यात साधी, अन् कोनाची कोनती ते कोनालेच मालूम नाई पाह्यजे — मलेबी नाई — हाव, ध्यानात हाये. आता तुम्ही म्हनता दोनात फरकच नाई निंगाला, कोशाचा काई उपेग नाई, काम बंद — तं हे गोकुळा का करन? मी तं कैचीसुद्धा रोज उकळून घेओ...

कैची? कैची म्हन्जे... हाव, पट्ट्या तं डब्यात कापूनच येत... काऊन पाह्यता अशा?

बसा. बसा इथी. तोंडातून निंगालंच तं आयका. माहं माहेर आरमोरीकडं, बाप ऐनाच्या झाडाइवर कोसा पाळे. कोशाचा तागा बोटाले लागला का मले डोळे मिटूनबी समजते. पह्यल्याच दिवशी समजलं कोनाच्या डब्यात का हाये ते. सारे आमच्याच तलावातले ढिवर — शुगरची बिमारी, पाय दिवसभर चिखलात, जखम भरतच नाई. अन् आमच्यात, मॅडम, जाळं कोनीबी ओढो, मासोळी घरागनिक सारखी वाटते — पान्यात उतरला त्याले एक हिस्सा, बाजीवर पडल्या बुढ्यालेबी एक हिस्सा. मंग सा घराले मी कोसा द्याचा अन् सा घराले चिंधी? कोन्या तोंडानं? शेजारच्या रिनाची सासू मले रोज दारात इचारे, माही जखम कधी भरन वं बाई. तिच्या डब्यात साधी! तं कापल्या. हाव, दर पट्टी मधातून कापली — अर्धा कोसा, अर्धी साधी, जोडून साऱ्याइले लावली. तीन महिने. वहीत नाई लिवलं.

रडता काऊन तुम्ही? तुमचा अभ्यासाचा कागुद गेला. मले इचारा ना माहं का गेलं! सात नंबर कोनाचा होता? आमच्या याइचा, माह्या घरधन्याचा. अन् सातमधी कोसा होता, मॅडम, पुरा कोसा, चिठ्ठीनं आल्ता त्याइच्या वाट्याले. मी म्हनलं, पह्यलं आपल्याच घरचं कापावं, नाईतं लोकं तोंडात शेन घालतीन. माह्या हातानं कापलं. दिवाळीच्या आंधी दवाखान्यात गुडघ्यापासून पाय काढला. ते म्हनते, नशीब. मी बी मान हालवतो.

एकच सांगा. तुम्ही शिकल्या-सवरल्या. पुरी पट्टी लागली असती तं पाय वाचला असता का?

हाव का नाई? सांगताच येत नाई? काऊन नाई येत? इतके डबे, इतक्या वह्या, अन् एवढं नाई सांगता येत?

...हाव. त्याचसाठी होते ना ते डबे. तेच समजासाठी.

उठा मॅडम. वही घ्या. ते कुबडी टेकत येऊन राह्यले, त्याइच्या म्होरं एक शबद काढू नोका, पाया पडतो तुमच्या. निंगा.

काई नाई जी! पानी प्याले थांबल्या होत्या मॅडम. चालल्या.