सातव्या महिन्याची ओटी

प्रेमला : पदर बाजूला कर. सातवा महिना म्हणं! पोट कुठाय?

भाग्यश्री : आई, हात काढा. अंगाला हात लावून काय तपासताय?

प्रेमला : सासू हाय मी तुझी. रणजित, हिकडं ये. उद्या खराडीत डोहाळजेवणाला दीडशे माणूस जेवणार हाय. मांडव पडलाय. आन् ही फरशीगत सपाट!

भाग्यश्री : डोहाळजेवण? कुणाचं?

रणजित : एक मिनिट, भाग्यश्री. मी एक्सप्लेन करतो.

भाग्यश्री : तू म्हणालास, आईला सगळं सांगितलंय.

रणजित : सांगितलंय की. बाळ येणार आहे, एवढं सांगितलंय.

भाग्यश्री : आणि कुणाच्या पोटी येणार, ते गिळलंस.

प्रेमला : कुणाच्या पोटी म्हंजी? रणज्या, तोंड उघड.

रणजित : सरोगसी, आई. बाळ आमचंच आहे, हंड्रेड पर्सेंट. फक्त दुसरी बाई पोटात वाढवतेय. जॉर्जियात.

प्रेमला : ते कुठं आलं?

भाग्यश्री : परदेशात. दोनदा तुम्हाला ऑफिसचं ऑनसाइट काम सांगून गेलो ना, ते तिकडे. इथे कायद्यानं पैसे देऊन असं करता येत नाही. माझी बहीण दीपमाला तयार होती, पण तपासण्यांमध्ये तिला नको म्हणाले. त्या बाईचं नाव नीनो. तिचा स्वतःचा एक मुलगा आहे. सातवा महिना तिला लागलाय, मला नाही.

प्रेमला : चार महिनं हा मला सांगतोय, बेडरेस्ट हाय, भेटाया येऊ नगंस, दिष्ट लागंल. मी येडी, रोज तुझ्या फोटूवरनं मीठ-मोहऱ्या उतरतीय!

भाग्यश्री : माझ्या फोटोवरून? नवलच.

प्रेमला : नातवासाठी. तुझं कौतुक न्हवतं.

भाग्यश्री : ते माहीत आहे.

प्रेमला : आता ऐक. हिरवी साडी आणलीय. आत उशी बांध. उद्या दोन तास पाटावर बस, ओटी भरून घे आन् ऊठ. पुढं बाळंतपणाला नांदेडला माहेरी गेली म्हणू. दोन महिन्यांनी पोर घेऊन या. कुणाच्या बापाला कळतंय?

रणजित : आयडिया वाईट नाहीये. दोन तासांचा तर प्रश्न आहे.

भाग्यश्री : मग तू बांध उशी.

रणजित : अगं, पण लोक काय बोलतील—

भाग्यश्री : तुमच्या शेतांवर काचेच्या बिल्डिंगी उभ्या राहिल्या, पण लोक अजून बांधावर उभे राहून दुसऱ्याच्या सुनेचं पोट मोजतायत. मी नाही बसणार. उद्या मुलानं विचारलं तर काय सांगू, उशीतून आलास?

प्रेमला : मग देवानं दिलेल्या पोटात वाढवायचं हुतं! सहा वरसं घसा कोरडा केला. डॉक्टर बदल म्हटलं, सोळा सोमवार कर म्हटलं. वाघोलीच्या वैद्याचं औषध आणून दिलं, ते बेसिनात ओतलंस. अंगाला तोशीस नगं, पगाराला खाडा नगं, म्हणून बाई भाड्यानं घेतलीस. खरं बोल की!

भाग्यश्री : खरं बोलू? गर्भपिशवी काढलेल्या बाईला तुम्ही वैद्याचं औषध पाजत होतात. चैत्रातल्या हळदीकुंकवाला भरल्या घरात म्हणालात, आमच्या सुनेला अजून मुहूर्त मिळंना. मी कैरीची डाळ वाढत होते तेव्हा. माणूस किती निर्दय असू शकतो, ते मला तुमच्याकडे बघून कळलं.

प्रेमला : कुणाची पिशवी काढली?

भाग्यश्री : आता नाटक नको.

प्रेमला : कुणाची काढली, इचारतीय मी!

भाग्यश्री : माझी. सहा वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात मूल गेलं तेव्हाच. रक्त थांबेना. डॉक्टर म्हणाले, पिशवी ठेवली तर बाई जाईल. सही यानंच केली.

प्रेमला : मला सांगितलं, पोर गेलं, बाई धड हाय.

भाग्यश्री : रणजित?

(रणजित उठून खिडकीशी जाऊन उभा राहतो.)

प्रेमला : खिडकीत काय हाय? हिकडं बघ.

रणजित : तुला शॉक बसला असता, आई. मग दुसरं लग्न कर म्हणाली असतीस. मला ते डिस्कशनच नको होतं. वाटलं, हळूहळू सेटल होईल.

प्रेमला : म्हणाले असते. तेबी म्हणाले असते, खोटं कशाला बोलू? पर तिला औषध पी म्हणाले नसते. कापल्या जागी मीठ चोळलं रं मी सहा वरसं. आन् तू बघत बसलास.

भाग्यश्री : मी समजत होते, तुम्हाला माहीत आहे. माहीत असून बोलताय. म्हणून तर कोथरूडला येऊन राहिले, तुमचं तोंड दिसू नये म्हणून.

प्रेमला : तोंड माझं कडूच हाय. ते काय आज कळलं न्हाई.

भाग्यश्री : ही माफी समजू?

प्रेमला : समजू नगंस. तूबी एकदा तोंडावर इचारायचं हुतंस मला. म्हणायचं, सासूबाई, काळीज हाय का धोंडा? मुकाट डाळ वाढत ऱ्हायलीस. रणजित, माझा फोन आण. कौशल्याला लावून दे.

रणजित : काकूला? आई, काकूला कळलं की गावभर होईल!

प्रेमला : म्हणून तर तिला लावतीय.

रणजित : आधी काय सांगायचं ते ठरवू या ना.

प्रेमला : सहा वरसं गप बसलास, अजून घटकाभर बस. हॅलो, कौशल्या? मांडव राहू दे तसाच. जेवण उद्याच हाय. न्हाई, सुनंला दिवस न्हाईत. तिची पिशवी कवाच काढलीय. पोर येणार हाय, परदेशातली एक बाई वाढवतीय तिच्यासाठी. अगं, हळू कशाला बोलतीस? बोल मोठ्यानं, मंडपवालाबी ऐकू दे. ओटी सुनंचीच भरणार हाय मी, जशी हाय तशी बसवून. ज्याला पटत न्हाई त्यानं घरी जेवावं. ठेव.

भाग्यश्री : मी येणार आहे, असं कुणी सांगितलं तुम्हाला?

प्रेमला : कुणी न्हाई. साडी खुर्चीवर ठेवलीय.

भाग्यश्री : आणि नाही आले तर?

प्रेमला : पाट मांडून ठेवीन. रिकामा राहिला, तर माझ्या तोंडामुळं राहिला, एवढं सांगीन लोकांना.