लगाम धरलेला हात

कॉन्स्टँटिनोपलच्या भट्टीसमोर पावाच्या रांगेत अनास्तासो तान्ह्याला घेऊन मान खाली घालून उभी होती. नवरा सेनापती मारियानोस. सम्राटानं त्याला बेटावरच्या मठात डांबल्यावर हे पोर जन्मलं. रांगेत तिला कुणी ओळखत नव्हतं. पुढे भिंतीवर रंगीत काचतुकड्यांची चित्रं जडवणारे दोघे मोझेकचे कारागीर बोलत होते.

"निकेतासकाका, चर्चच्या भिंतीवरच्या मारियानोसचं नुसतं डोकंच काढायचं?"

"डोकंच. तिथं नव्या सेनापतीचं बसवायचं. घोडा, चिलखत तेच."

"गेल्या ईस्टरला तर लोकांनी फुलं उधळली की हो त्याच्यावर! केलं काय त्यानं?"

"जिंकला. वर सम्राटापेक्षा जास्त टाळ्या घेतल्या."

"आणि हात?"

"हात कोण बघतंय? राहू दे."

अनास्तासोला राहवलं नाही. "कुठला हात, काका?"

"लगाम धरलेला, पोरी. करंगळी वाकडी होती त्याची. मी तश्शीच जडवलीय."

"पुढे काढणार नाही ना कुणी?"

"मी जिवंत असेतो नाही."

तेवढ्यात बाळानं दुपट्यातून मूठ बाहेर काढली. त्या इवल्याशा वाकड्या करंगळीकडे निकेतासकाका बघतच राहिले. मग त्यांनी हलकेच दुपटं ओढलं.

"झाकून ठेव गं. वारा वाईट सुटलाय."