चुन्याच्या डबीतील पांढऱ्या पावडरीबाबत

जबाब
दिनांक १३ मे २०२५, सकाळी ११ वाजून २० मिनिटे

मी, नलिनी धम्मरत्न मुनेश्वर, वय ४६ वर्षे, व्यवसाय ग्रंथपाल, राहणार ढाणकी, तालुका उमरखेड, जिल्हा यवतमाळ, आज पोलीस स्टेशनला स्वतःहून हजर राहून, कोणाचाही दबाव नसताना आणि निघण्यापूर्वी दोन उकडलेली अंडी खाऊन, समक्ष सांगते की,

माझे वडील उकंडा भगत हे मी नऊ वर्षांची असताना ढाणकीच्या बाजारात एक वाक्य बोलले होते. त्या दिवशी मी गर्दीत दिसेनाशी झाले होते व आई रडत होती. वडील तंबाखू मळत उभे होते. ते म्हणाले, "माही नलू हरपत नाही. तिले उचलून न्याले चार माणसं लागतीन." मी तेव्हा भज्यांच्या दुकानामागेच होते व मला हे ऐकू आले. मी लहानपणापासून अंगाने जाड होते. या वाक्याचा गुन्ह्याशी काय संबंध, असे जबाब लिहून घेणारे जमादार फुलसिंग राठोड यांनी विचारले. संबंध असा की, वडिलांनी त्या दिवशी ज्या डबीतून तंबाखू काढली होती, तीच डबी काल जप्त झाली आहे. ती परत मिळावी एवढ्यासाठीच मी हा जबाब देत आहे. बाकी माझ्याबद्दल कोणाला काय वाटते, त्याला माझी हरकत नाही.

डबी स्टीलची असून तिला दोन्हीकडून झाकण आहे. एकीकडे तंबाखू व दुसरीकडे चुना, अशी ती असते. वडील चार वर्षांपूर्वी वारले. त्यांनी मला बारीक झालेली पाहिले नाही.

अडीच वर्षांपूर्वी नागपूर येथे माझ्यावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा माझे वजन ११४ किलो होते. आज ६७ आहे. मधले ४७ किलो कोठे गेले हे मला विचारण्यात आलेले नाही व विचारल्यास सांगता येणार नाही.

या शस्त्रक्रियेत जठर लहान करून ते आतड्याला पुढे जोडतात. त्यामुळे गोड पदार्थ पोटात थांबत नाही, थेट आतड्यात उतरतो. रक्तातली साखर एकदम चढते. ती खाली आणण्यासाठी शरीर घाबरून गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडते आणि तास-दोन तासांत साखर पार तळाला जाते. थोडक्यात, मी गोड खाल्ले की माझी साखर कमी होते. हे वाक्य जमादारांनी दोनदा लिहून दोनदा खोडले. तिसऱ्यांदा त्यांनी ते लिहिले, परंतु समासात प्रश्नचिन्ह काढले. ते प्रश्नचिन्ह माझे नाही.

असा त्रास मला गेल्या वर्षापासून आहे. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी दर तीन तासांनी थोडे खाते. आधी अंडे, मटकी किंवा पनीर, मग भाकरी. जेवताना पाणी पीत नाही, अर्ध्या तासाने पिते. गोड टाळते. तरीही हातपाय कापू लागले, घाम सुटला, शब्द सापडेना झाले, तर तीन चमचे ग्लुकोज पावडर तोंडात टाकायची, पंधरा मिनिटे बसायचे, मशीनवर साखर बघायची आणि वर आली की मूठभर फुटाणे खायचे, म्हणजे ती पुन्हा पडत नाही. ही पावडर सतत जवळ लागते. ती ठेवायला मी वडिलांची डबी घेतली. तंबाखूच्या बाजूला ग्लुकोज भरले व ओळखू यावे म्हणून झाकणावर लाल ठिपका दिला. चुन्याच्या बाजूला वडिलांनी शेवटचा भरलेला चुना तसाच आहे. तो वाळला आहे. ती बाजू मी उघडत नाही. पंचनाम्यात "एकाच डबीत दोन प्रकारची पांढरी पावडर" असे लिहिले आहे, ते खरे आहे.

माझे पती धम्मरत्न हे पाट्या रंगवण्याचा व्यवसाय करतात. त्यांनी माझ्या गळ्यात घालायला एक कार्ड तयार केले. त्यावर मोठ्या अक्षरात "पेशंट" व त्याखाली "लो शुगर" एवढेच लिहिले. काय करायचे तेही लिहा, असे मी म्हटले होते. त्यावर ते म्हणाले की जास्त लिहिले तर कोणी वाचत नाही, हा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव आहे. अक्षर सुंदर आहे. पुढील सर्व प्रकार त्या अक्षरामुळे घडला.

काल दिनांक १२ मे रोजी बुद्ध पौर्णिमा होती. सकाळी नऊ वाजता विहारात वंदना झाली. मी उठल्यापासून काही खाल्ले नव्हते. वाचनालयातून आणलेल्या खुर्च्या मांडण्यात वेळ गेला, ही माझी चूक आहे. सव्वादहाच्या सुमारास खीर वाटप सुरू झाले. खीर कांताबाई खडसे, वय ५८, यांनी केली होती. कांताबाई माझ्या शेजारी राहतात. माझे लग्न होऊन मी या गल्लीत आले, त्या दिवसापासून आमच्या घरांमधल्या भिंतीवरून वाट्यांची ये-जा आहे. शस्त्रक्रियेनंतर त्यांच्याकडून येणाऱ्या वाट्या मी तशाच परत पाठवू लागले. मी कारण सांगितले होते. त्यांनी ऐकले होते. परंतु दिवाळीपासून वाट्या येणे बंद झाले.

काल त्या पातेले सोडून माझ्यासमोर आल्या व वाटी धरून उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "नागपूरले जाऊन आली तवापासून माह्या हातचं उतरत नाही का वं तुह्या गळ्याखाली?"

याला माझ्याकडे उत्तर होते. पण उत्तर लांब होते आणि वाटी जवळ होती. मी खीर खाल्ली. चांगली झाली होती. खाली थोडी लागली होती, तशीच मला आवडते हे त्यांच्या लक्षात होते.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मला घाम सुटला. यापुढील काही भाग मला आठवत नाही, तो मला नंतर सांगण्यात आला. मी उठून भंतेजींना त्यांचा सभासद क्रमांक विचारला. समोर बसलेल्या महिलांना पुस्तके घरी किती दिवस ठेवायची असतात याची आठवण करून दिली. मंडपात त्या वेळी चव्वेचाळीस अंश तापमान असल्याने सर्वांनी ऊन लागले असे ठरवले. एकीने कांदा फोडून माझ्या नाकाला लावला. मी तो खाण्याचा प्रयत्न केला, असे म्हणतात. मला भूक लागली होती.

मग मी डबी काढली. हे मला आठवते, कारण झाकण निघत नव्हते. ते निघाले तेव्हा कांताबाईंनी माझा हात धरला व गळ्यातले कार्ड वाचले. आमच्याकडे शुगर हे आजाराचे नाव आहे. शुगर आहे म्हणजे साखर वाढली आहे, असाच अर्थ होतो. नर्सताई मिठाबद्दल, तेलाबद्दल बोलताना लो म्हणजे कमी, असे सांगतात. त्यामुळे "लो शुगर" म्हणजे "साखर कमी द्या" असा अर्थ त्यांनी लावला. त्यांचे यजमान सहा वर्षांपूर्वी शुगरने गेले. आधी अंगठा गेला, नंतर पाय, नंतर ते. शेवटच्या महिन्यात ते चोरून पेढा खात व कांताबाई तो तोंडातून काढून घेत.

त्यांनी पावडर चाटून पाहिली, गोड लागली. त्या ओरडल्या, "शुगर आहे न तुले? अन् साखर खाऊन राह्यली? मराचं आहे का वं?" आणि त्यांनी माझ्या तोंडात गेलेली पावडर बोट घालून काढली. त्या वेळी मी त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला चावले. चावल्याचे मला आठवत नाही, परंतु बोटावरचे दात माझेच आहेत. पुढचा एक दात तिरका आहे, तो मी ओळखला. याबद्दल माझी काही तक्रार नाही व बचावही नाही.

हा प्रकार चालू असताना कोणीतरी मोबाईलवर चित्रीकरण केले. त्यात तंबाखूची डबी, पांढरी पावडर, डोलणारी मी व झटापट एवढेच दिसते. दुपारपर्यंत ते गावातील सर्व ग्रुपवर "वाचनालयाच्या बाई नशेत" अशा नावाने फिरले. वाचनालयाच्या समितीने मला खुलासा मागितला आहे. पूर्वी एवढ्या लोकांना वाचनालयात बाई आहेत हेही माहीत नव्हते.

जमादार फुलसिंग राठोड हे विहारासमोर बंदोबस्ताला होते. ते गर्दीतून आत आले व त्यांनीही कार्ड वाचले. त्यांनी ते हिंदीत वाचले. "लो, शुगर." म्हणजे, घ्या साखर. ते म्हणाले, "लो म्हणून लिवलं आहे त देऊन टाका न. इचार कायचा करून राह्यले?" त्यांनी चहावाल्याच्या डब्यातून साखर घेतली, पाण्यात ढवळली आणि मला बसवून पाजली. पंधरा मिनिटांनी मी त्यांना ओळखले.

त्यांना इंग्रजी अर्थ आधीपासून माहीत होता व तसे जबाबात घ्यावे, असे जमादारांनी आता सांगितले. तसे घेतले आहे. मला ते मान्य नाही, परंतु त्यांनी माझा जीव वाचवला हे मान्य आहे.

मधल्या पंधरा मिनिटांबद्दल. मंडपातल्या खुर्च्यांमधून मला सावलीत न्यायचे होते. पुरुष माणसे एकमेकांकडे बघत राहिली, कारण हात लावावा की नाही ते ठरत नव्हते. कांताबाईंनी बोटाला पदर गुंडाळला व मला एकटीने उचलले. त्यांचा श्वास लागला नाही. खाली ठेवताना त्या कोणाला तरी म्हणाल्या, "काहीच राह्यलं नाही वं हिच्यात." ते मी ऐकले. मला तेव्हा डोळे उघडता आले असते. मी उघडले नाहीत.

पती मशीन घेऊन बारा वाजून दहा मिनिटांनी आले. तोपर्यंत साखर ७४ झाली होती. आधी किती होती ते कोणालाच माहीत नाही. त्यांनी खिशातून फुटाणे काढून दिले व कार्डाकडे बघून "जागा होती खाली," एवढे म्हणाले. रात्री त्यांनी नवीन कार्ड रंगवले. त्यावर "मले लगेच साखर द्या, मंग इचारा" असे लिहिले आहे. ते आज मी घातले आहे.

काल संध्याकाळी जमादारांनी दोन पंचांसमक्ष डबी जप्त केली. ज्यांनी स्वतःच साखर पाजली त्यांनीच डबी का जप्त करावी, असे मी विचारले. ते म्हणाले, "बाई, जीव वाचवनं अलग, पंचनामा अलग." व्हिडिओ वरिष्ठांपर्यंत गेल्याने पावडर तपासणीस पाठवणे भाग आहे. दोन्ही पावडरी मी इथेच चाखून दाखवते असे मी म्हटले, त्यास त्यांनी नकार दिला.

येथे दुपारी एक वाजता जबाब दहा मिनिटे थांबवण्यात आला, कारण माझी खाण्याची वेळ झाली होती. मी पर्समध्ये पाहिले तर फुटाणे घरी राहिले होते. बाहेरच्या बाकावर कांताबाई बोटाला पट्टी बांधून बसल्या होत्या. तक्रारदार व ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांनी एकत्र बसू नये, असे जमादार म्हणाले. त्या एकत्र बसल्या नाहीत. खिडकीच्या गजांमधून त्यांनी एक वाटी आत दिली. तिच्यात मोड आलेल्या मटकीची उसळ होती, वर कांदा, गूळ घातलेला नव्हता. जमादारांनी वाटीचीही नोंद करावी का असे विचारले. मी नको म्हटले, ती परत द्यायची असते.

कांताबाईंनी तक्रार मागे घ्यायची तयारी दाखवली आहे. चावण्याबद्दल त्यांचे म्हणणे असे की, "माही पोरगी असती त दोन लगावल्या असत्या, तक्रार कायले केली असती?" तक्रार त्यांनी केलीच नव्हती, दवाखान्यात चावा कोणाचा असे विचारले तेव्हा खरे सांगितले, एवढेच. हे त्यांच्या जबाबात येईल.

वरील मजकूर जमादारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. खिडकी उघडी असल्याने तो कांताबाईंनीही ऐकला व बाहेरून दुरुस्ती सुचवली की खीर एक वाटी नव्हती, मी मागून अर्धी आणखी घेतली होती. ते खरे आहे. एवढी दुरुस्ती धरून जबाब मी सांगितला तसाच लिहिला आहे.

सही करण्यापूर्वी एक विनंती आहे. डबी तपासणी होईपर्यंत मिळणार नाही, हे जमादारांनी मला तीनदा सांगितले आहे व मला समजले आहे. वडील गेल्यानंतर तीन वर्षे मी ती उघडू शकले नव्हते. तोवर झाकण एवढे गच्च बसले होते की पतींना ते स्क्रू ड्रायव्हरने काढावे लागले, त्याची चीर झाकणावर आहे. तेव्हापासून मी ती रोज एकदा उघडते, गरज नसली तरी. ग्लुकोजखाली अजून थोडा तंबाखूचा वास येतो. लाखेचे सील एकदा लागले की तोडता येत नाही, हेही मला माहीत आहे. तरी कृपया लाल ठिपक्याचे झाकण दिवसातून एकदा कोणीतरी उघडावे आणि पुन्हा लावावे.