स्टॅनच्या बापाचं जहाज

मी मूळची चिंचवडची, इथे ऑस्ट्रेलियात आले ती मॉसन लेक्सला शिकायला, अकाउंटिंग केलं, पीआरसाठी, कायमचं राहायच्या परवान्यासाठी, वणवण केली, आणि आता वेरिबीला एज्ड केअरच्या वृद्धाश्रमात आहे, म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या भाषेत म्हातारे पुसते. पुसते तर पुसते. यांचे आईबाबा तिकडे कोण पुसतंय ते विचारा की आधी.

तर आमचा स्टॅन, पोलिश, नव्वदीचा. त्याचे वडील पोलंडच्या नेव्हीत, समुद्रात सुरुंग पेरणाऱ्या जहाजावर होते, आणि काय सांगू तुम्हाला, युद्ध सुरू झालं आणि त्या जहाजाने एकही सुरुंग पेरला नाही. पहिल्याच दिवशी वरून बॉम्ब पडायला लागले, आता आपलेच सुरुंग आपल्याला उडवतील म्हणून सगळे यांनीच समुद्रात ढकलले, मग दोन-तीन दिवसांत जहाजही बुडालं. बापाने पुढे इथे येऊन आठवून आठवून त्याचं पुठ्ठ्याचं मॉडेल केलं. ते स्टॅनच्या खिडकीत असायचं, माझ्याशिवाय कुणाला हात लावू द्यायचा नाही.

मंडळाला गेल्या गणपतीत महाराजांच्या आरमाराचा देखावा करायचा होता. अध्यक्ष मोठे इंजिनियर, अख्खं ट्रुगानिना त्यांना सर म्हणतं. माझ्याकडून मॉडेलचं ऐकून आले, स्टॅनला मेट म्हणाले, नो वरीज म्हणाले, भोळ्याने दिलं. एवढंच म्हणाला, पाण्यापासून लांब ठेवा. मीही बजावलं.

विसर्जनाला हॉलमागे टब भरला, आणि सर म्हणाले यंदा बाप्पा जहाजातून जाणार. शाडूची मूर्ती, पुठ्ठ्याचं जहाज! मी म्हटलं अहो सर, तर म्हणाले तू व्हिडिओ काढ. भगवा लावलेलं ते जहाज मूर्तीसकट तळाला गेलं आणि हे डॉक्टर-इंजिनियर टाळ्या पिटत मोरया ओरडतायत. अक्कल काय एअरपोर्टवर ठेवून येतात ही माणसं? किळस आली मला.

लगदा घेऊन मीच गेले. सरांनी लाडूचा डबा पाठवला, स्वतः आले नाहीत. स्टॅनने ते सगळं मांडीवर घेतलं, मला रडू आवरेना, तर मलाच विचारतो, बुडालं तेव्हा लोक काय करत होते? खोटं कशाला बोलू, टाळ्या वाजवत होते म्हटलं. मग म्हणाला, बाबांच्या वेळी कुणी वाजवल्या नव्हत्या.

हे सरांना सांगितलेलं नाही. म्हणतील, बघ, आवडलं ना त्याला. परवा त्यांचा फोन आला, आजोबांकडे अजून काही आहे का गं, यंदाच्या देखाव्याला. बाप्पाच त्यांचं भलं करो, माझ्याच्याने होणार नाही.