पिकलेलं केळं आणि पिस्तुलाची मूठ

भुसावळला एअर पिस्तूल शिकवणारे आमचे धुळ्याकडचे नाना आठवतात ना? मी पडलो रावेरचा, केळीचे घड कापून हात राकट झालेला. पिस्तुलाची मूठ अशी आवळायचो की छर्रा दरवेळी खाली डावीकडे जायचा. एकदा नानांनी पिस्तूल काढून घेतलं आणि हातात पिकलेलं केळं दिलं.

"हात लांब करून उभा राहा. केळं पडायला नको आणि दबायलाही नको."

पहिलं केळं बोटांतून बाहेर आलं. सगळे हसले.

नाना म्हणाले, "खाई टाक. दुसरं ले."

परवा त्यांना भेटायला गेलो. आता हात थरथरतो त्यांचा. पायऱ्या उतरताना मी तो हळूच धरला.

म्हातारा खुदकन हसला, "आज पकड बराबर शे."