शेवरेबंदरचं पागोटं

मंडळी, आधी मला सांगा – गाव कशाच्या जोरावर उभं राहतं? चांगल्या माणसाच्या, की चांगल्या रीतीच्या? माणसाच्या म्हणता? मग ऐका तर!

फार जुन्या काळी खाडीच्या तोंडाशी शेवरेबंदर नावाचं शहर होतं. काय दिवस होते हो ते! गलबतांची दाटी, मिरीचा घमघमाट, आणि राजा? राजाच नाही! कोळी, साळी, सोनार – सगळ्या पेठा मिळून एक नगरशेट निवडायच्या. कारभार वर्षभराचा! पाडव्याच्या सकाळी शेटनं आपलं पागोटं देवळाच्या पायरीवर ठेवायचं, आणि पेठांनी ते हव्या त्याच्या डोक्यावर चढवायचं. त्यापायी कधी तलवार उपसली गेली नाही! आठवलं की आजही जीव हळहळतो.

अशात एक सरदार फौज घेऊन आला. वेढा पडला! नगरशेट होते केसोशेट – वयानं थकलेले, पण लोकांच्या गळ्यातला ताईत. ते बोलणी करायला छावणीत निघाले. जाताना पागोटं बायकोच्या हाती दिलं. "गोदे, पाडव्यापर्यंत परतलो नाही, तर पायरीवर नेऊन ठेव."

आणि सरदारानं दगा दिला! धरूनच ठेवलं की!

पाडव्याला दुपारी त्यांना वेशीसमोर उभं केलं. मानेवर तलवार! "सांग तुझ्या माणसांना, दार उघडा!"

केसोशेटांना मान वर करवेना. मरणाची भीती? छे! भीती होती लोकांच्या मायेची. 'माझ्यासाठी थांबले असतील का? आज रीत मोडली असेल, तर मला वाचवायला दारही उघडतील!'

मान वर केली. तटावर दामा साळी! जन्मभर ज्याच्याशी पटलं नाही, तो – आणि डोक्यावर पागोटं!

"काका," दामा वरून ओरडला, "दार नाही उघडायचो! माफ करा!"

म्हातारा हसला, आणि रडलाही. माणूसच तो, मंडळी! मनाला लागलंच असणार थोडं. सरदाराला म्हणाला, "माझ्या शब्दानं आता कडीसुद्धा हलायची नाही. शेट तो वरचा!"

आता या म्हाताऱ्याला मारून मिळायचं काय? सरदारानं चडफडत दिला ढकलून! लोकांनी दोर सोडून त्यांना तटावर घेतलं. दामानं पागोटं काढून पुढं धरलं. "शेट, हे तुमचं."

"शेट कोण? तू! मला पहारा सांग. कुठं उभा राहू?"

पावसाळ्याच्या तोंडी वेढा उठला. आज तिथं तटाचे चार दगड आहेत, ओहोटीला दिसतात. शहर गेलं हो, पण ती माणसं डोळ्यांपुढून हलत नाहीत.

आता तुम्ही! देवळाच्या ट्रस्टचे अध्यक्ष – हो, पहिल्या खुर्चीतले – किती वर्षं झाली, साहेब? आणि हसता काय सासूबाई, तुमच्या कमरेची किल्ली दिसते मला! 'माझ्यावाचून अडेल' म्हणता ना? अडू द्या की एकदा! हातीपायी धड आहात तोवर सोपवा. चुकलं, तर सांगायला तुम्ही असाल. भिंतीवरच्या फोटोला विचारायला कुणी येत नाही!